माने सरांच्या गोधडीत कोण झोपणार?

आमच्या मुख्याध्यापिका नवी साडी नेसून शाळेत आल्या की शिक्षकांच्या खोलीत कौतुकाचा एक ठरलेला कार्यक्रम होत असे. त्या दिवशीही तो झाला. चित्रकलेचे माने सर मात्र गप्प होते. ते पदराकडे बराच वेळ निरखून पाहत राहिले आणि मग अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "बाई, रंग अप्रतिम आहे. ही साडी तुम्ही टाकणार कधी?"

वह्यांचा गठ्ठा घेऊन मी दारातच उभी होते, त्यामुळे हा प्रसंग ऐकीव नाही. पुढे कित्येक दिवस बाई माने सरांशी केवळ शिपायामार्फत बोलत होत्या. आपले काय चुकले हे सरांना शेवटपर्यंत उमगले नाही. त्यांच्या दृष्टीने ती सर्वोच्च दाद होती. "नवा रंग ओरडतो," ते आम्हाला वर्गात सांगत. "त्याला दहा वर्षं धुवा, उन्हात टाका, चुलीपुढे बसवा. मग तो बोलायला लागतो." चांगली साडी म्हणजे भविष्यातली चांगली चिंधी, आणि चांगली चिंधी म्हणजे गोधडीतला एक निर्णय, असे त्यांचे मत होते. मधल्या काळात ती साडी कोणीतरी नेसते, हा तपशील त्यांना गौण वाटे.

वडूजला आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांचे घर होते. उंच, किडकिडीत, मान किंचित पुढे काढून चालणारा माणूस. इतर शिक्षकांच्या खिशाला पेन असे. सरांच्या खिशातून कापडाचे तुकडे डोकावत. लग्नात ते नवरा-नवरीकडे पाहतच नसत, वऱ्हाडाच्या फेट्यांकडे आणि साड्यांकडे पाहत. सुमनकाकू, त्यांच्या पत्नी, मांडवात त्यांच्या पुढे चालत आणि मागे न वळता दटावत, "आवं, खाली बगा. लोक येगळंच समजत्यात."

"मी काठ बघतोय."

"काठ बाईच्या अंगावर हाय."

मी सध्या धाग्यांच्या गुणधर्मांवर संशोधन करते. या क्षेत्राकडे मी सरांमुळे वळले असे म्हणणे सोयीचे ठरेल, परंतु खरे नाही. मला गुण चांगले होते आणि शिष्यवृत्ती मिळाली. मात्र व्याख्या स्पष्ट नसेल तर मला अस्वस्थ वाटते, आणि ही अस्वस्थता सरांच्याच वर्गात सुरू झाली हे मान्य केले पाहिजे. "चित्र डोळ्यांनी पांघरायचं असतं आणि गोधडी अंगानं पाहायची असते," हे त्यांचे आवडते वाक्य होते. अकरावीत विज्ञानाला गेल्यावर मी त्यांना म्हटले की यातला पहिला भाग तपासता येत नाही, दुसरा निदान तत्त्वतः तपासता येतो. सर हरखले. "मग तपास की! तेच तर म्हणतोय मी. तपासायला कुणी येतच नाही."

त्यांची व्यथा समजून घेण्यासाठी त्यांची कीर्ती समजून घ्यायला हवी. तालुक्यात त्यांची चित्रे लागलेली नाहीत अशी सार्वजनिक भिंत शोधावी लागे. शाळेत, पंचायतीत, डॉक्टरांच्या दवाखान्यात, दूध संकलन केंद्रावर, सगळीकडे माने सर टांगलेले होते. आणि निवृत्तीनंतर एकदा दवाखान्यात बसले असता त्यांच्या लक्षात आले की आपल्या चित्राखाली बसलेले रोगी फक्त आपला नंबर कधी येतो हे पाहत आहेत.

"माझ्या चित्राखाली माणसं बसतात," ते मला म्हणाले, "पण आत कुणी शिरत नाही. गोधडीत माणूस शिरतो. तोंडावर ओढून घेतो. मला एकदा, फक्त एकदा, असं काही करायचं आहे की ज्यात कुणीतरी आपण होऊन झोपलं पाहिजे. भीड म्हणून नव्हे. थंडी वाजली म्हणून."

एवढीच इच्छा. ती पुरी होण्याच्या मार्गात दोन अडथळे होते. एक म्हणजे ते फार चांगले चित्रकार होते. दुसरा अडथळा समोरच्या घरात राहत असे.

जुलेखाचाचींचे यजमान शिंपी होते. ते गेल्यानंतरही दुकान मुलाने चालवले, त्यामुळे चाचींना चिंध्यांची ददात कधीच पडली नाही. गावातल्या निम्म्या वाकळा त्यांनी शिवलेल्या (सर गोधडी म्हणत, चाची वाकळ, याच मुद्द्यावर त्यांची पहिली ओळख आणि पहिले भांडण झाले होते). नम्रता हा गुण चाचींना ठाऊक नव्हता. जगात दोनच प्रकारची माणसे आहेत, आपल्या वाकळेत झोपलेली आणि कमनशिबी, असे त्या मानत. शिवाय कोणतीही वस्तू हाती आली की ती आधी उलटी करून पाहायची, ही त्यांची खोड. वाकळ उलटून पाहणे समजू शकते. चाची लग्नपत्रिकाही आधी मागून पाहत, आणि मागे काही नसले की "यवडा कागद वाया" म्हणून नापसंती व्यक्त करत. दुपारी त्यांच्या पडवीत बायका शिवायला जमत, तिथे त्यांचा शब्द अंतिम असे. तो बरोबर असेच असे नाही. परंतु त्यांनी "न्हाई" म्हटलेल्या वाकळेत गल्लीत कोणी झोपत नसे.

सरांनी पहिली गोधडी या न्यायासनापुढे मांडली तेव्हा मी सुट्टीवर आले होते. सरांनी ती पडवीत अंथरली आणि क्षणभर सगळ्या बायका खरोखरच थक्क झाल्या. दोन्ही बाजूंना ज्वारीची शेते, मधून निमुळता होत गेलेला रस्ता, दूर टेकडी, टेकडीवर देऊळ. सगळे जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांतून. रस्ता इतका खरा की एका बाईने नकळत पाय मागे घेतला.

चाचींनी गोधडीभोवती एक फेरी मारली. "सर, उशाकडं कुठली बाजू?"

"ही. आकाशाची. डोकं आकाशाकडे, पाय जमिनीकडे. निसर्गनियम आहे, भाबी."

"ते हुईल. पर पोरं झोपायची कशी?"

"कशी म्हणजे? आडवी!"

सुमनकाकूंना राहवेना. "आवं, थंडीत चार पोरं एका वाकळंत असत्यात. दोन हिकडनं, दोन तिकडनं. मग तिकडच्यांचं पाय कुठं येत्यात ते बगा."

सरांनी पाहिले. सगळ्यांनीच पाहिले. तिकडच्यांचे पाय थेट देवळाच्या शिखरावर येत होते.

कोणीतरी हळूच गालांवर बोटे मारून घेतली. चाची म्हणाल्या, "देऊळ तुमचं हाय सर, पर पाय माझ्या नातवंडांचं. त्ये पाप मला नगं."

चित्राला वर आणि खाली असते, गोधडीला नसते. ही अडचण सरांना कलाशिक्षणाच्या संपूर्ण कारकिर्दीत कधी भेटली नव्हती. गोधडी अखेर एका पतसंस्थेने मानाने मागून नेली. "टांगली," सरांनी मला फोनवर कळवले, आणि त्यांचा स्वर असा होता की मी आधी विचारले, कोणाला?

दुसरी गोधडी त्यांनी अधिक शास्त्रशुद्ध पद्धतीने आखली. देव नको, दिशा नको. कुठूनही पाहिले तरी सारखे दिसेल असे काय असते? वरून पाहिलेली विहीर. त्यांनी विहीर केली. कडेला फिकट दगड, आत उतरत गेलेल्या पायऱ्या, मग निळसर अंधार आणि मधोमध काळेभोर पाणी. छायाप्रकाशाचे त्यांचे सगळे कसब त्यात उतरले होते. परिणाम इतका अचूक होता की काकूंनी ती पलंगावर पाहताच नकार दिला.

"मला रातभर पडल्यागत हुईल."

"अगं, कापड आहे ते!"

"मग कापडावानी दिसंना का त्ये?"

चित्र जितके चांगले, तितकी गोधडी वाईट. दोनच निरीक्षणांवरून नियम मांडू नये, पण मला तो तेव्हाच दिसू लागला होता. सरांना मात्र वाटले की गाव चुकते आहे, आणि ते विहीर घेऊन साताऱ्याला एका हौशी कलावंतांच्या प्रदर्शनात गेले. सोबत काकू होत्या. चाचीही होत्या, कारण सरांची फजिती झाली तर ती आपल्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागू नये. मी पुण्याहून परस्पर पोचले.

मी पोचले तेव्हा चाचींनी दालनाच्या डाव्या भिंतीवरची सगळी चित्रे तपासून संपवली होती. पद्धत नेहमीचीच: फ्रेम खालून धरायची, पुढे ओढायची, आणि मान तिरकी करून मागे पाहायचे. पहारेकरी त्यांच्यामागून धावत होता.

"आजी, हात लावू नका. चित्रं आहेत ती."

"हात न लावता माल कळतोय व्हय?"

"चित्र पुढून बघायचं असतं."

"पुढनं काय, समदेच ग्वाड दिसत्यात," चाची म्हणाल्या आणि एका सूर्यास्ताच्या मागे डोकावल्या. "ह्ये बग. मागं निस्ता पुठ्ठा. आन् किंमत बग लावलीया!"

परीक्षक एक ज्येष्ठ चित्रकार होते. त्यांनी विहिरीसमोर उभे राहून चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि तिला चित्र विभागात पहिले बक्षीस जाहीर केले. सर तत्काळ पुढे झाले. लोकांना वाटले आभार मानायला.

"साहेब, ही गोधडी आहे. मी ती गोधडी विभागात दिली होती."

"अहो, तिथून मीच इकडे आणवली. हे चित्र आहे, माने! अस्सल चित्र!"

"आपण यात झोपाल का?"

"छे छे!" परीक्षक मनापासून म्हणाले. "ही काय झोपायची वस्तू आहे?"

यापेक्षा मोठी स्तुती त्यांना सुचणे शक्य नव्हते. सरांचा चेहरा मात्र असा उतरला की काकूंनीच पुढे होऊन शाल आणि नारळ स्वीकारला. तेवढ्यात चाचींनी गोधडीचा कोपरा उचलून परीक्षकांच्या नाकासमोर धरला. "आदी पाठ बगा की, सायेब. समद्या गाठीच गाठी. ह्यात एक रात काढली तर सकाळी अंगावर नक्षी उठंल."

परतताना मीही त्यांच्याबरोबर वडूजच्या बसमध्ये बसले. पुसेगावला सर एकदम उसळले, आणि संतापले की त्यांची शाळेतली भाषा गळून पडत असे.

"गाठी गाठी काय लावलंय, भाबी? आन् तुमचं रंग? जांभळ्याशेजारी पोपटी! डोळं फुटत्यात माणसाचं."

"दिवा मालवल्यावर कोण बगतंय?"

"सकाळी उठल्यावर दिसत न्हाई?"

"सकाळी उठून घडी घालायची असती. बगत बसायचं नसतंय."

यावर पुढच्या बाकावरचे एक निवृत्त सुभेदार मागे वळले आणि लष्करी शिस्तीत म्हणाले की कांबळ्याला रंगच नसावा, एकच करडा असावा, सगळे प्रश्न सुटतात. चाची आणि सर दोघेही त्यांच्यावर एकदम तुटून पडले. वडूज येईपर्यंत सुभेदार खिडकीबाहेर पाहत होते.

त्या वादाला काही वस्तुनिष्ठ पाया असावा म्हणून मी दोघांच्याही गोधड्यांचे नमुने प्रयोगशाळेत नेले. ऊब धरून ठेवण्याच्या बाबतीत त्यांच्यात दखल घेण्याजोगा फरक नव्हता. मोठ्या उत्साहाने मी हा निष्कर्ष पडवीत सांगितला.

"तुझं यंत्र झोपतंय काय, पोरी?" चाचींनी विचारले.

"नाही."

"मग त्याला काय कळतंय?"

मी आशेने सरांकडे पाहिले. "फरक नाही म्हणजे?" सर दुखावल्या स्वरात म्हणाले. "म्हणजे माझी यांच्या गोधडीपेक्षा चांगली नाही?" त्या संध्याकाळी ते दोघे माझ्याविरुद्ध प्रथमच एकत्र आले, आणि काकूंनी केलेला चहा एकमेकांना आग्रह करकरून प्याले.

तिसऱ्या गोधडीविषयी सरांनी कोणाला काही सांगितले नाही. काकूंकडून एवढेच कळले की ते दार लावून शिवतात आणि मधूनच टाके उसवतात. ती बाहेर आली तेव्हा तिच्यात देऊळ नव्हते, विहीर नव्हती, रस्ता नव्हता. काहीच नव्हते. कडेला गर्द निळे, मग हिरवट, मग धुतलेल्या हळदीसारखे पिवळे, आणि मध्यावर जवळजवळ पांढरे. कशातून कशात सरकले ते कळत नव्हते. आकार लहान, एका माणसापुरता. चित्रकलेतले मला फार कळत नाही. तरी ती पाहिल्यावर मला बसावेसे वाटले, एवढी नोंद मी करू शकते.

सरांनी ती चाचींच्या मांडीवर ठेवली. "तुम्हाला दिली, भाबी."

चाचींनी ती अर्थातच उलटी केली. पाठीवरून तळवा फिरवला. पुन्हा फिरवला. गाठ कुठेच लागेना, हे त्यांच्या भुवयांवरून दिसत होते. सगळ्या बायकांनी सुया थांबवल्या.

"बरी हाय," चाची म्हणाल्या.

सर त्या दिवशी घरी चालत गेले नाहीत, तरंगत गेले. मी त्याच रात्री पुण्याला परतले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सरांना समोरून ठोकण्याचा आवाज आला. चाचींनी मुलाकडून बैठकीच्या खोलीत, दारासमोरच्या भिंतीवर, चार भक्कम खिळे मारून घेतले होते. गोधडी टांगली होती. आणि तिच्यावर धूळ बसू नये म्हणून नव्या सोफ्यावर घालतात तसले जाड, पारदर्शक प्लॅस्टिक ताणून बसवले होते.

"प्लॅस्टिक!" सर माझ्याशी फोनवर ओरडले. "पतसंस्थेनंसुद्धा प्लॅस्टिक लावलं नव्हतं गं!"

चाचींची बाजूही मी ऐकून घेतली. त्या खरोखरच गोंधळल्या होत्या. "सरांनी हातानं करून दिलेली वस्तू, ती काय पायदळी घालायची? आल्यागेल्याला दिसली पायजे. मान हाय त्यो." आपण केला एवढा सरांचा सन्मान इतर कोणी केला नसेल, अशी त्यांची खात्री होती. सरांनी त्या घरात पाऊल टाकणे बंद केले. रस्त्यात चाची दिसल्या तर ते आकाशाचा रंग अभ्यासू लागत. काम हातावेगळे झाल्याने ते दिवसभर घरात बसून राहत आणि काकूंच्या भाकरीवर पडलेल्या डागांची रचना बरी की वाईट ते सांगत. "पोरी, त्यांना काहीतर उद्योग लाव," काकू मला म्हणाल्या. "न्हाईतर मी बारामाही भातच टाकीन."

परदेशी जाण्याआधी घरच्यांचा निरोप घ्यायला मी वडूजला गेले तेव्हा ऐन हिवाळ्यात अवकाळी भुरभुर लागली होती. आमच्या कोरड्या मुलखात असे क्वचित घडते. घडले की कपडे वाळवायचे कसे हे कोणालाच आठवत नाही. चाचींची नात शबाना बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली होती. घरभर दोऱ्या बांधून त्यांवर दुपटी टांगली होती, आणि त्यांतले एकही वाळत नव्हते.

निघायच्या दिवशी मी बॅग घेऊन दाराबाहेर पडले. पाऊस नुकताच थांबून ऊन आले होते आणि सरांच्या समोरच्या घरातून चाचींचा आवाज सगळ्या गल्लीला ऐकू जात होता.

"अगं भवाने! भितीवरची व्हती ती! सरांची!"

"मग काय करू?" शबाना तेवढ्याच जोरात म्हणाली. "पोरगी गारठून निळी पडाय लागली. घरात कोरडं तेवढंच व्हतं. फाडलं पलास्टिक आन् गुंडाळली."

सर चष्मा शोधत बाहेर आले. गल्ली ओलांडून ते त्या घराच्या उंबऱ्यापर्यंत गेले आणि आत न जाता तिथेच थांबले. मी त्यांच्या मागे उभी राहिले. भिंतीवर चार खिळे आणि फाटक्या प्लॅस्टिकची एक पट्टी होती. खाली, शबानाच्या मांडीवर, निळ्या-पिवळ्या गोधडीत गळ्यापर्यंत गुरफटलेले ते बाळ तोंड उघडे टाकून झोपले होते. बाळाने गोधडी मधोमध चांगली भिजवली होती. निळा रंग फुटून पिवळ्यात उतरला होता आणि पांढऱ्याचा तर पत्ताच नव्हता.

चाचींना इतके ओशाळलेले मी कधी पाहिले नव्हते. "सर, आत्ता धुऊन देते. जाईल डाग. सोडा लावते."

"खबरदार," सर म्हणाले.

मग आवाज खाली आणून त्यांनी शबानाला विचारले, "कधी झोपली?"

"गुंडाळली तशी. घटकाभर रडत व्हती, एकदम गप झाली."

"आपण होऊन?"

"आता लहान पोराला कोण सांगतंय, सर?"

"नाही, म्हणजे," सर म्हणाले, "मी केली आहे, असं काही तिच्या कानावर गेलं नव्हतं ना?"

चाची हसल्या. आधी बारीक, मग पदर तोंडात धरून. शबानाने बाळाला शेजारून मागवलेल्या एका कोरड्या पंच्यात घेतले आणि ओली गोधडी सरांच्या हातात दिली. सरांनी ती दोन्ही हातांवर, लहान मुलाला घेतात तशी घेतली. उलटून पाहायला चाचींनी हात पुढे केला, तर त्यांनी तो बाजूला सारला.

माझी रिक्षा आली. रिक्षा वळण्याआधी मी मागे पाहिले. सरांनी आपल्या अंगणातल्या दोरीवर गोधडी पसरली होती आणि एका वाटसरूला हाताला धरून तिच्यासमोर उभे केले होते. वर्गात करत तसे ते पेन्सिलीने डागाची कड दाखवत होते. वाटसरूने नाक धरले होते, आणि सर त्याला आणखी जवळ या म्हणून खुणावत होते.